रायमुनिया काढली की दोन पावसाळ्यांत परत तेवढीच! १२० हेक्टरचा आराखडा कसा करावा?

पळसपान

विदर्भातल्या एका प्रादेशिक वनविभागासाठी रायमुनिया निर्मूलनाचा पाच वर्षांचा आराखडा लिहायचा आहे. (रायमुनिया म्हणजे लँटाना, जंगलात माजणारं परकं झुडूप. पश्चिम महाराष्ट्रातल्यांनी घाणेरी किंवा टणटणी वाचावं.) एकमेकांना लागून असलेले तीन कक्ष (वनखात्याने आखलेले जंगलाचे तुकडे), मिळून १२० हेक्टर. जंगल शुष्क पानझडी: साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, मधे मधे बांबू. रायमुनिया काही ठिकाणी तुरळक, काही ठिकाणी माणूस शिरणार नाही इतकी दाट. मधून दोन नाले जातात. आसपासच्या तीन गावांची गुरं चरायला येतात आणि वाघाचा वावर आहे.

यापूर्वी इथे कोयत्याने जमिनीलगत कापणी झाली होती. आज त्या जागी एका खोडाच्या जागी सात-आठ फुटवे आहेत. त्यामुळे विचारतोय. काढायची नेमकी पद्धत कोणती? कोणत्या महिन्यात? मनुष्यदिवस कसे काढायचे? काढलेल्या झुडपांचं काय करायचं? रिकाम्या जागेवर नंतर काय लावायचं? आणि काम खरंच झालं की नाही हे तिसऱ्या वर्षी कागदावर कसं दाखवायचं? "मुळासकट उपटा" एवढ्यावर थांबू नका, कृपया तपशील द्या.

सब्बल

पहिल्यांदा आराखड्याच्या शीर्षकातला "निर्मूलन" शब्द खोडा आणि "नियंत्रण व गवताळ आच्छादनाची पुनर्स्थापना" लिहा. शब्दाचा खेळ वाटेल, पण निर्मूलन लिहिलं की पैसे एका वर्षात मिळतात आणि एका वर्षात संपतात. खरा खर्च दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असतो.

आता पद्धत. रायमुनियाला फुटवे कुठून येतात ते आधी पाहा. खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे, जमिनीच्या पातळीला किंवा किंचित खाली, एक जाड गाठ असते. सगळे फुटवे त्या गाठीतून येतात. गाठीखालचं सोटमूळ एकटं राहिलं तर ते सहसा फुटत नाही. म्हणून जमिनीलगत कापणं म्हणजे झुडपाची छाटणी करून त्याला जोम आणणं. आणि आख्खं मूळ खणून काढणं म्हणजे मातीची उलथापालथ करून दबलेलं बी वर आणणं. दोन्ही चूक.

दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात बसवलेली पद्धत या दोन्हींच्या मधली आहे. गाठीच्या खाली ३ ते ५ सेंटीमीटरवर सोटमूळ तोडायचं, झुडूप गाठीसकट उचलायचं आणि मुळं आकाशाकडे करून उलटं ठेवायचं. मजुरांना सेंटीमीटर सांगू नका, "गाठीखाली दोन-तीन बोटं" सांगा.

प्रत्यक्षात असं करा. तिघांची जोडणी. एकजण बेचक्याच्या लांब काठीने झुडूप एका बाजूला रेलून धरतो, म्हणजे बुंधा दिसतो आणि मुळावर ताण येतो. दुसरा अरुंद पात्याच्या कुदळीने बुंध्याभोवतीची फक्त वीतभर माती बाजूला सारतो आणि तिरका घाव घालतो. मूळ मनगटाएवढं असेल तर कुदळीने नाही तुटत, तिथे धार लावलेली सब्बल (म्हणजे पहार) किंवा जुनी कुऱ्हाड लागते. तिसरा झुडूप ओढून उलटं करतो आणि खड्ड्यात माती परत पायाने दाबतो. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात. मोकळा खड्डा राहिला की तिथेच पहिलं तण येतं.

झुडूप झाडावर चढलेलं असेल किंवा जाळं फार दाट असेल तर आधी कंबरेच्या उंचीवर कापा, जमिनीलगत नाही. दोन-अडीच फुटांचे दांडे राहिले पाहिजेत, तेच पुढे तरफ म्हणून कामी येतात. जमिनीलगत कापलं की धरायलाच काही उरत नाही. मग मजूर ते तसंच सोडून पुढे जातो, आणि वरून ते "काढलेलं" दिसतं.

तपासणी सोपी आहे. उलटं ठेवलेलं कोणतंही झुडूप पाहा. गाठ आणि तिच्याखाली मुळाचा छोटा तुकडा दिसलाच पाहिजे. मुळाचा तुकडा नसेल आणि कापलेली जागा थेट गाठीतूनच असेल, तर अर्धी गाठ जमिनीत आहे. त्या टोळीला परत पाठवा.

जेसीबी नको. जाळणंही नको, आगीनंतर रायमुनिया बुडातून जोमाने फुटते आणि तिच्याखाली जगणारी इतर रोपं मरतात. तणनाशकाचा विषय तर काढूच नका. नाले तुमच्याच कक्षांतून वाहतात, आणि ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्येच बंधनं घातली आहेत.

धावडा

सब्बल यांनी पद्धत नीट सांगितली. मी हंगाम आणि हिशेबाचं सांगतो.

ओली माती हवी, म्हणजे पावसाळाच. पण जुलै आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धानाची रोवणी असते, मजूर मिळणार नाही. ऑक्टोबरमध्ये हलका धान कापायला येतो आणि माती घट्ट होऊ लागते. उरतो काळ साधारण २० ऑगस्ट ते ५ ऑक्टोबर. त्यात पोळा, तान्हा पोळा, गणपती आणि मुसळधार पावसाचे दिवस वजा केले की ३२ दिवस धरा. उन्हाळ्यात मोह आणि मग तेंदूपानं, तेव्हा गाव तुमच्याकडे बघणारही नाही. तशी तेव्हा माती दगडासारखीच असते.

मनुष्यदिवसांचा आकडा दुसऱ्याच्या आराखड्यातून उचलू नका. जमीन, उतार आणि दाटी बदलली की तो चुकतो. त्याऐवजी चाचणी घ्या. विरळ, मध्यम, दाट अशा प्रत्येक दाटीत २० × २० मीटरचा एक चौकोन आखा आणि चार माणसांना वरच्या पद्धतीने काढायला सांगून घड्याळ लावा. असे २५ चौकोन म्हणजे एक हेक्टर. समजा दाट भागात चौघांना तीन तास लागले. १२ तास गुणिले २५ म्हणजे ३०० तास. जाणं-येणं, जेवण, धार लावणं वजा करून दिवसाला खरं काम सहा तास धरलं तर हेक्टरी ५० मनुष्यदिवस.

आता हेच १२० हेक्टरला लावून पाहा: ६,००० मनुष्यदिवस, ३२ दिवसांत. म्हणजे रोज जवळजवळ १९० माणसं. तीन गावांतून एवढी येणार नाहीत, आणि आली तरी देखरेख कोण करणार? ४० हेक्टर घेतले तर २,००० मनुष्यदिवस, रोज साधारण ६३ माणसं, आठ-आठच्या आठ टोळ्या. हे झेपतं. म्हणून आराखडा पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी ४० हेक्टर असा पाडा आणि चौथं-पाचवं वर्ष फक्त मागच्या कामाच्या देखभालीला ठेवा.

कुठून सुरुवात? बहुतेक जण सगळ्यात दाट जागी तुटून पडतात, कारण फोटो चांगला येतो. उलट करा. आधी तुरळक झुडपं असलेला भाग स्वच्छ करा. तिथे खालचं गवत अजून जिवंत असतं, खर्च कमी येतो आणि बियांचा साठा थोडा असतो. दाट भागाकडे कडेकडेने सरका. नाल्यावर काम वरच्या अंगाने खाली, नाहीतर वरून वाहून आलेलं बी स्वच्छ केलेल्या काठावर बसतं. नाल्याच्या तीव्र उताराच्या काठावर मात्र एका वर्षात सगळं काढू नका. एक पट्टा काढा, एक ठेवा, पहिल्या पट्ट्यात गवत धरलं की दुसरा काढा. माती धरून ठेवायला सध्या तिथे दुसरं काहीच नाही.

आणि कार्य आयोजनेत (वनविभागाच्या अनेक वर्षांच्या कामांच्या आराखड्यात) या कक्षांमध्ये सागाची विरळणी, म्हणजे दाटी कमी करायला काही झाडं तोडणं, केव्हा आहे ते आजच तपासा. झाडांचं वरचं छत्र उघडलं की रायमुनिया उसळते. तुम्ही यंदा साफ केलं आणि पुढच्या वर्षी विरळणी झाली तर सगळं मुसळ केरात. विरळणीच्या वर्षाच्या पुढे-मागे काम जोडून घ्या.

गवत्या

इथपर्यंत वाचताना एक गोष्ट खटकली. सगळं काढण्याबद्दल चाललंय. रायमुनिया गेली की ती जागा कोणाला तरी जाणारच. तुम्ही काही केलं नाही तर विदर्भात बहुधा तरोटा आणि रानतुळस ही तणं येतात, रस्त्याच्या कडेने गाजर गवत. मग लोक म्हणतात, "त्यापेक्षा रायमुनिया बरी होती."

जागा गवताला मिळाली पाहिजे आणि ती तुमच्याच रानातल्या गवताला. शेडा, पवन्या, डोंगरी, ओलाव्याच्या सपाट जागी मारवेल. कुसळी आपोआप येते, ती लावायची गरज नसते. चाऱ्याचं बी म्हणून बाजारातून स्टायलो आणू नका. ते दक्षिण अमेरिकेतलं आहे, एक परकं काढून दुसरं परकं पेरण्यात काय अर्थ? बाहेरून विकत आणलेल्या "गवत बियाण्या"त काय काय मिसळलेलं असतं तेही पेरल्यावरच कळतं.

बी गोळा करायचं ते याच वर्षी, झुडपं काढण्याचं काम आटोपत आलं की. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुऱ्याला बोट लावताच दाणे गळू लागले की बी तयार. हिरवट तुरे ओरबाडले तर पोत्यात बुरशी लागते आणि निम्मे दाणे पोकळ निघतात. सावलीत पसरून आठवडाभर वाळवा, बारदानात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, त्याला काही महिने झोप लागते. म्हणून जूनपर्यंत थांबणं तसंही भाग आहे. मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटावर ठेवा, १५ दिवसांनी किती उगवले ते मोजा. उगवण फार कमी असेल तर त्या पटीत बी वाढवा.

साधारण हेक्टरी ६ किलो धरलं तर ४० हेक्टरला २४० किलो. एवढं हाताने गोळा करणं हे मोठं काम आहे, बचत गटांना आधीच सांगून ठेवा. सगळीकडे सारखं पेरायची गरज नाही. जिथे रायमुनियाखाली गवताचे ठोंब जिवंत दिसतात तिथे बी वाया घालवू नका, ते स्वतःच पसरतील. उघड्या मातीच्या जागा निवडा.

कुसळवालं बी तसंच फेकलं तर वाऱ्याने एका कडेला जमतं आणि उरलेलं मुंग्या नेतात. एक भाग बी, एक भाग चाळलेलं शेणखत, दोन भाग माती, थोडं पाणी. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत सुकवा. पहिला चांगला पाऊस झाला की दाताळ्याने माती जेमतेम खरवडून टाका. सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं तर वर येत नाही. नांगर किंवा कुळव अजिबात नको.

मारवेलला बियांपेक्षा ठोंब बरे. ५० × ५० सेंटीमीटरवर हेक्टरी ४०,००० ठोंब लागतात, म्हणजे तेही सगळीकडे परवडणार नाही. नाल्याकाठचे ओले तुकडे आणि उताराला आडव्या ओळी एवढंच करा, जुलैमध्ये, सलग पाऊस असताना.

आता तरोटा. तो फुलावर येण्याआधी, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ओल्या जमिनीतून उपटायचा. लवकर, गुडघ्याएवढा असताना विळ्याने कापला तर खालच्या पेरांतून फांद्या फुटतात आणि तो अधिकच झुपकेदार होतो. शेंगा धरल्यानंतर उपटला तर तुम्हीच बी पसरवता. रानतुळशीचं गणितही तेच, फक्त तिची वेळ जरा पुढे, फुलं दिसू लागताच. गाजर गवत उपटणाऱ्यांना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा द्याच, कातडी उठते. (१९५५ मध्ये ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, तेव्हापासून ते आपल्याला उठवतंच आहे.)

चराई: बी टाकलेल्या जागी दोन पावसाळे गुरं नकोत. पण पूर्ण ४० हेक्टर बंद केले तर गावाशी भांडण निश्चित. तीन गावांच्या गुराख्यांबरोबर बसून कोणता तुकडा केव्हा बंद आणि कोणता खुला हे आधी ठरवा. आणि लहानसा एकच तुकडा साफ करू नका, आसपासचे सगळे चितळ-नीलगाय तिथेच उतरतात आणि कोवळं गवत मुळापर्यंत खातात.

कायदेबुवा

काढलेल्या मालाबद्दल. हे बरेच जण चुकतात.

तुमचं क्षेत्र प्रादेशिक आहे, म्हणून जरा मोकळीक आहे. अभयारण्य असतं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २९ आडवं आलं असतं. अभयारण्यातून काढलेलं वनोत्पादन आसपासच्या लोकांच्या खऱ्या घरगुती गरजेसाठी वापरता येतं, पण व्यापारासाठी नाही. म्हणजे "रायमुनियाच्या जळणाच्या विटा करून विकू, त्यातून खर्च निघेल" हा सल्ला अभयारण्यात चालत नाही. प्रादेशिक क्षेत्रातही एखाद्या कक्षावर गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला असेल तर त्या जंगलाच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेचा आहे. तिथे ग्रामसभेच्या ठरावाशिवाय टोळी पाठवू नका. तीनही कक्षांची ही स्थिती आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहा.

२०२२ च्या दुरुस्तीने या कायद्यात आक्रमक परकीय प्रजातींची व्याख्या आली आहे, प्रस्तावाच्या पार्श्वभूमीत तिचा उल्लेख करा. मात्र त्या दुरुस्तीने मिळालेले अधिकार आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांच्या नियंत्रणाचे आहेत. तुमच्या कक्षातल्या कामाला त्यातून निधी मिळतो असा अर्थ काढू नका.

सब्बल

मालाबद्दल माझंही ऐका. उपयोगातून नियंत्रण ही कल्पना गोड आहे. निलगिरी डोंगरांतल्या आदिवासी कारागिरांनी याच झुडपाचे हत्तींचे पुतळे केले, देशोदेशी गेले. टोपल्या, खुर्च्या होतात. पण कारागिराला लागतात सरळ, अंगठ्याएवढ्या काड्या. तो त्या कापून नेतो आणि गाठ जमिनीत ठेवतो, उलट पुढच्या वर्षी सरळ काड्या मिळाव्यात म्हणून त्याला ती हवीच असते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी गाठीसकट काढा, मग काढलेल्यातून ज्याला हवं त्याने न्यावं.

बाकी माल जागेवरच उलटा ठेवायचा. दगडावर किंवा दुसऱ्या उलट्या झुडपावर, फांद्या ओल्या मातीला टेकू न देता. पावसात टेकलेल्या फांदीला मुळं फुटतात. काळी पिकलेली फळं लागली असतील तर झुडूप साफ केलेल्या भागातून ओढत नेऊ नका. झाडांच्या बुंध्याशी रास करू नका आणि जाळरेषेच्या (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याच्या) आसपास तर एकही नको, कारण १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा ही वाळलेली रास म्हणजे सरपणच. मोठ्या ढिगाऱ्यापेक्षा विखुरलेली बरी. फळं नसलेली, पूर्ण वाळलेली झुडपं पुढच्या जूनमध्ये बी टाकलेल्या तुकड्याभोवती काटेरी कुंपण म्हणून वापरता येतात. गुरं आणि चितळ दोघांनाही थोपवतात.

सुरक्षेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दाट रायमुनियात दुपारी अस्वल आणि रानडुक्कर झोपलेलं असतं, वाघीण पिल्लं ठेवते. त्या दिवशी सकाळी बीटच्या वनरक्षकाने पायवाटा आणि नाल्याची वाळू पाहिल्याशिवाय टोळी आत जाणार नाही. काम नऊ ते चार. शिरण्याआधी डबा वाजवा आणि पाच मिनिटं थांबा. आठांतला एक जण काम करणार नाही, फक्त उभा राहून बघेल. त्याची मजुरी आराखड्यात धरा, नाहीतर पहिल्याच दिवशी त्याच्या हातात कुदळ येते. वाकलेला माणूस जनावरासारखा दिसतो, म्हणून एकट्याने वाकून काम नाही. घोणस आणि मण्यार दोन्ही असतात, गमबूट आणि जाड कातडी हातमोजे. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे, तिथपर्यंत गाडीने किती वेळ लागतो, हे लिहून टोळीप्रमुखाच्या खिशात.

पिल्लांच्या खुणा मिळाल्या तर तो तुकडा यंदा सोडा. तुरळक झुडपांचा भाग बराच आहे, तिकडे वळा.

टेकडीवाला

मधे बोलतो, माफ करा. पुण्याच्या टेकड्यांवर रायमुनियाइतकाच गिरीपुष्पाचा प्रश्न आहे. तिथेही हीच गाठीखालची युक्ती चालेल का?

धावडा

नाही. गिरीपुष्प झाड आहे, बुंध्यातून कुठूनही फुटतं. सगळी झाडं एकदम पाडली तर उजेडात सुबाभूळ घुसते. थोडी थोडी घ्या. बुंध्याभोवती वीतभर रुंदीचा सालीचा पट्टा, आतला ओला थर खरवडून काढायचा, आणि पट्ट्याखालचे फुटवे दर दोन महिन्यांनी मोडायचे. पण शहराच्या हद्दीत १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, साल काढून झाड मारणंही त्यातच मोडतं. आणि टेकडी मुळात गवत-खुरट्या झुडपांची आहे हे विसरून तिथे वड-पिंपळ लावू नका. सविस्तर वेगळा धागा काढा, इथे भरकटेल.

सागरगोटा

कोकणातल्या कोणी वाचत असेल तर: रानमोडी या तणाला सब्बल लागत नाही. तिची मुळं उथळ, ओल्या मातीत हाताने बुडासकट निघते. मात्र डिसेंबरच्या आसपास फुलते आणि बी वाऱ्यावर जातं, म्हणून काम ऑक्टोबरअखेर संपलं पाहिजे. वाळली की तेलकट जळते, काजूच्या बागेच्या कडेला रास लावू नका.

पळसपान, एक शंका तुमच्या अधिकाऱ्यांकडून येईलच: "कीटक सोडून का नाही भागत?" रायमुनियाची पानं शोषणारा जाळीदार पंखांचा ढेकूण भारतात १९४१ मध्येच आणला गेला. पानं शोषतो, झुडूप वाळल्यासारखं दिसतं, पाऊस पडला की परत हिरवं. ते उत्तर तयार ठेवा.

पळसपान

सगळ्यांचे आभार. आराखडा बदलला: दरवर्षी ४० हेक्टर, तुरळक भागापासून, २० ऑगस्टपासून. कार्य आयोजना तपासली, एका कक्षात तिसऱ्या वर्षी विरळणी आहे, तो कक्ष मागे ढकलला. गवताच्या बियांसाठी दोन बचत गटांशी बोलणार आहे. एक मात्र राहिलं: देखभालीचा खर्च किती धरायचा, आणि काम यशस्वी झालं हे नेमकं कशावरून ठरवायचं? "रायमुनिया ८० टक्के कमी" असं लिहायला सांगितलं जातंय.

धावडा

८० टक्के कशाचे? झुडपांच्या संख्येचे की आच्छादनाचे? साफ केल्यावर मोठी झुडपं शून्य आणि रोपटी हजारो असतात. संख्या मोजली तर रायमुनिया "वाढलेली" दिसेल, आच्छादन मोजलं तर "संपलेली". दोन्ही वेगळं लिहा.

काम सुरू करण्याआधी, म्हणजे याच महिन्यात, कायमचे चौकोन आखा. प्रत्येक दाटीत किमान दहा, आणि त्याच दाटीत न काढायच्या भागात पाच, तुलनेसाठी. झुडपांसाठी ५ × ५ मीटर, त्याच्या एका कोपऱ्यात गवतासाठी १ × १ मीटर. कोपऱ्याला लोखंडी गज ठोकलात तर चोरीला जातो, दगडाची छोटी रास आणि जवळच्या झाडावर रंगाचा पट्टा, शिवाय जीपीएस. गवत ओळखता येईल अशा वेळी, दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोजणी. फोटो त्याच जागेवरून, त्याच दिशेला.

नोंद पाच रकान्यांची: रायमुनियाचं आच्छादन टक्क्यांत, फुटवे किती, रोपटी किती, गवताचं आच्छादन प्रजातीनुसार, आणि साग, तेंदू, मोह, ऐन, धावडा यांची नैसर्गिक रोपं. फुटवे आणि रोपटी वेगळी मोजण्याचं कारण सब्बल सांगतील.

देखभालीला पहिल्या वर्षीच्या मनुष्यदिवसांच्या निम्मे तरी धरा, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मिळून. कमी लागले तर उत्तम. जुलैअखेर एक फेरी आणि सप्टेंबरअखेर दुसरी. पहिल्या फेरीत रोपटी वीतभर असतात, दोन बोटांनी निघतात. ती चुकवली तर पुढच्या वर्षी त्याच रोपट्याला कुदळ लागते.

सब्बल

रोपटं आणि फुटवा ओळखायला उपटूनच पाहा. एकच बारीक सोटमूळ, एकच काडी: रोपटं. जुन्या लाकडी बुंध्यातून एकाच जागी तीन-चार जाड कोंब, ओढलं तर हलत नाही: फुटवा.

पहिल्या पावसानंतर सहा आठवड्यांनी चौकोनांत फुटवे जास्त दिसले तर काढणाऱ्याचं काम कच्चं, गाठ जमिनीत राहिली. कंत्राटात रकमेचा एक हिस्सा या मोजणीपर्यंत रोखून ठेवायची अट घाला आणि फुटवे त्याच टोळीकडून काढून घ्या. रोपटी जास्त दिसली तर काढणाऱ्याचा दोष नाही, तो बियांचा साठा आहे. ती सगळीकडे सारखीही नसतात. बुलबुल-मैना बसतात त्या मोठ्या झाडांखाली आणि नाल्याच्या काठाने गर्दी असते, मोकळ्या जागी थोडी. म्हणून दुसऱ्या वर्षीच्या फेरीत पूर्ण ४० हेक्टर विंचरत बसू नका. अशी झाडं आणि नाल्यांचे काठ पहिल्याच वर्षी नकाशावर टिपा, टोळीला थेट तिथे न्या, मग वेळ उरला तर मधला भाग.

आणि चौकोनांच्या आत काम करणाऱ्या टोळीला ते चौकोन कुठे आहेत हे सांगू नका. सांगितलं की तेवढेच चौकोन लख्ख निघतात.

गवत्या

रकान्यांत एक भर: तरोटा आणि रानतुळस यांचंही आच्छादन वेगळं लिहा. गवताच्या रकान्यात "हिरवं" म्हणून ते गेलं की तिसऱ्या वर्षी कागदावर सगळं छान दिसतं आणि जागेवर गुडघाभर तरोटा उभा असतो.